रात्री नऊची मीटिंग

प्रश्न: आम्ही अमेरिकेत सॅन होजेला राहतो, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. नवरा सकाळी आठला लॅपटॉप उघडतो, संध्याकाळी सातला मिटतो आणि जेवण झालं की पुण्याच्या टीमबरोबर कॉल. रविवारी रात्रीसुद्धा. सात वर्षांची मुलगी आता त्याला काही विचारायलाच जात नाही. मी बोलले की म्हणतो, "हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय ना?"

ताई, मुलीने विचारणं सोडलं, या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले.

"तुमच्यासाठीच" हे तो खोटं बोलत नाही. पण त्यामागे बहुतेकदा भीती असते आणि ती बोलून दाखवायची आपल्याकडच्या पुरुषांना सवय नसते. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांत दुसरी शोधा, व्हिसा बदला, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळा. ही टांगती तलवार असताना "जरा कमी काम कर" हे कानात शिरत नाही. म्हणून वेळेवरून भांडू नका, आधी भीती कागदावर उतरवा. बचत किती महिने पुरेल? आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालाय का? मंजुरीला १८० दिवस उलटले असतील, तर पुढे कंपनीने तो मागे घेतला तरी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख, सहसा टिकते. वकिलाला एकदा विचाराच. अर्धी झोप अशा न विचारलेल्या प्रश्नांनीच उडालेली असते.

मग घड्याळ. उन्हाळ्यात तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे पुण्याचे सकाळचे साडेनऊ. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की तीच मीटिंग आठला येते, ऐन पानावर बसायच्या वेळी. त्याने आठवड्यातल्या दोनच रात्री द्याव्यात, बाकीचं सकाळी बोलावं. तेही आळीपाळीने, कारण तेव्हा पुण्यात रात्र होते आणि तिथल्या पोरांनाही घरं आहेत. मॅनेजर नाहीच म्हणेल असं धरून कुणी विचारतच नाही, हे मी फार घरांत पाहिलंय.

आमच्याकडे वरणभाताच्या ताटाशेजारी फोन पालथा असायचा. तो थरथरला की ह्यांचा घास हातातच थांबायचा आणि मुलगा ताट सोडून फोनकडे बघत बसायचा. शेवटी मी चार्जर ओट्याखालच्या खणात नेला. पहिले आठ दिवस हे जेवताना दोनदा तरी उठायचे. कुणाचाही मेल आलेला नसायचा. नोकरीची गरज कुठे संपते आणि सवय कुठे सुरू होते, ते मला तेव्हा दिसलं.

तुमच्याकडेही तो सुट्टीत बेचैन होत असेल, चोरून मेल बघत असेल, तर समुपदेशक गाठा. बऱ्याच कंपन्या काही सत्रं मोफत देतात, तीही गोपनीय. उशीर करू नका. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ साली सांगितलं, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो. तुमच्या नवऱ्याचे नुसते दिवसाचेच ५५ भरतात.

कागद घेऊन बसायला शुक्रवारची रात्र धरा. पुण्यात तेव्हा शनिवार उजाडलेला असतो, कुणाचा कॉल येणार नाही. आणि मुलगी जागी असतानाच बसा.