अझिथ्रोमायसिनऐवजी क्लॅरिथ्रोमायसिन घेतले तर चालते का? दोन्ही मॅक्रोलाइड गटातलीच आहेत ना?

दोन्ही मॅक्रोलाइड नावाच्या गटातली प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) आहेत हे खरे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नका. "एकाच गटातली तर आहेत" हे वाक्य माझ्या थोरल्या भावाने २०१९ च्या पावसाळ्यात राजारामपुरीतल्या आमच्या घरी उच्चारले होते आणि ते आबांना फार महागात पडले.

आबा तेव्हा ७१ वर्षांचे होते. कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्री ४० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घ्यायचे आणि पाऊस नसेल तेव्हा रंकाळ्याला फेरी मारून यायचे. खोकला झाला म्हणून दादा जुनी चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेला. चिठ्ठीवरचे अझिथ्रोमायसिन संपले होते, म्हणून दुकानदाराने क्लॅरिथ्रोमायसिन ५०० दिले. आबा आणखी कोणती औषधे घेतात हे त्याने विचारले नाही आणि दादानेही सांगितले नाही. चौथ्या दिवशी आबांच्या मांड्या इतक्या दुखू लागल्या की पाटावरून उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. दादाने त्यावर बाम चोळला. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारून लघवी दाखवली, ती कोऱ्या चहाच्या रंगाची होती. रुग्णालयात सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर, म्हणजे एन्झाइम) तपासले तेव्हा ते १४,००० च्या पुढे होते, एरवी ते साधारण २०० च्या आत असते.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचे विघटन मुख्यत्वे यकृतातल्या सीवायपी३ए४ या विकरामुळे होते आणि क्लॅरिथ्रोमायसिन नेमके त्याच विकराचे काम अडवते. त्यामुळे रोजचीच गोळी रक्तात साचत जाते, स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतून सुटलेले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांना इजा करते. एरिथ्रोमायसिनही हे विकर अडवते. अझिथ्रोमायसिनचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. जिवाणूंच्या रायबोसोमला चिकटून त्यांची प्रथिननिर्मिती थांबवणे हे काम तिन्ही औषधे सारखेच करतात, म्हणून त्यांचा गट एक. आपल्या यकृताशी मात्र ती सारखी वागत नाहीत, आणि दादाला मी तेव्हापासून एवढेच समजावत आहे.

ही औषधे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. डांग्या खोकला, मायकोप्लाझ्माचा न्यूमोनिया, स्क्रब टायफस अशा आजारांत ती फार उपयोगी पडतात आणि पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्यांचा मोठा आधार असतो. साध्या सर्दीखोकल्यावर मात्र त्यांचा काहीही उपयोग नाही, कारण तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. आबांचा खोकलाही तसाच होता, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले.

माझ्या उत्तरावरून अझिथ्रोमायसिन निर्धोक आहे असेही समजू नका. त्यामुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये दिला होता. ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातला एक ठरावीक कालावधी) लांबलेला असेल, रक्तातले पोटॅशियम कमी असेल किंवा लय सुधारण्याची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा. हृदयासाठी डिगॉक्सिन, रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन किंवा गाऊटसाठी कोल्चिसिन चालू असेल तरीही सांगा. नावे लक्षात राहत नसतील तर घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या.

दादा अजूनही म्हणतो की ते वयामुळे झाले. दोन्ही गोळ्या बंद करून सलाईन लावल्यावर नवव्या दिवशी सीपीके ६०० वर आले आणि आबा आधाराशिवाय उठले. त्या नऊ दिवसांत त्यांचे वय काही कमी झाले नव्हते.