वेब सर्व्हरचं नेमकं व्हर्जन आणि बगची नीट तक्रार

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेच अपाचे आणि एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या व्हर्जनभोवती फिरणारे आहेत. त्यातले पाच निवडले आहेत.

प्रश्न : आमच्या उबंटू २२.०४ वरच्या सर्व्हरचं सुरक्षा ऑडिट झालं. ‘अपाचे २.४.५२ जुनं आहे, अनेक सीव्हीई (क्रमांक देऊन नोंदलेली सुरक्षेची भोकं) लागू होतात’ असा शेरा आला. आम्ही तर दर आठवड्याला अपडेट करतो. नवं अपाचे सोर्समधून बांधून घ्यावं का? (ठाणे)

सोर्समधून बांधायची घाई करू नका. एकदा ते केलंत, की पुढची प्रत्येक सुरक्षा दुरुस्ती वेळेवर लावायची जबाबदारी तुमची. आज ती उबंटू उचलतंय.

ऑडिटचा स्कॅनर बाहेरून फक्त सर्व्हर हेडर, म्हणजे उत्तरासोबत येणारी सर्व्हरच्या नावाची ओळ, वाचतो. उबंटूवर तिथे ‘अपाचे/२.४.५२ (उबंटू)’ एवढंच दिसतं. पण ‘डीपीकेजी -एल अपाचे२’ चालवलंत तर पॅकेजचा पूर्ण आकडा दिसेल : २.४.५२-१उबंटू४, आणि त्यापुढे टिंब देऊन आणखी आकडे. डॅशच्या आधीचा भाग मूळ अपाचेचा, डॅशनंतरचा १ डेबियनचा, आणि शेवटचा, सतत वाढत जाणारा भाग उबंटूचा. अपाचेने २.४.५३ पासून पुढे ज्या सुरक्षा दुरुस्त्या केल्या, त्या उबंटूची मंडळी जुन्या २.४.५२ च्या कोडवर आणून बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. त्यात डॅशच्या आधीचा आकडा हलत नाही, शेवटचा हलतो. आणि स्कॅनरला नेमका तोच दिसत नाही.

ऑडिटरला तोंडी समजावत बसण्यापेक्षा तक्ता द्या. चार रकाने पुरतात : सीव्हीई क्रमांक, तो कोणत्या पॅकेज-आकड्यात दुरुस्त झाला, तुमच्याकडे बसवलेला आकडा, आणि त्यानंतर सर्व्हर रीस्टार्ट केल्याची तारीख. माहिती ‘एपीटी चेंजलॉग अपाचे२’ मध्ये सीव्हीई क्रमांक शोधून मिळते. रेड हॅट घराण्यात ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग एचटीटीपीडी’ हेच काम करतं. चेंजलॉगमध्ये क्रमांक सापडला नाही तर वितरणाच्या (उबंटू, डेबियन, रेड हॅट यांच्या) सुरक्षा पानावर पाहा. कधीकधी ते व्हर्जन त्या बगच्या तडाख्यात आलेलंच नसतं, आणि तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

मात्र हा सगळा बचाव बॅकपोर्ट येत आहेत तोवरच. उबंटू २२.०४ ला नेहमीचा पाठिंबा एप्रिल २०२७ पर्यंत आहे. सेंटओएस ७ वर एचटीटीपीडी २.४.६ होतं आणि त्याच्या दुरुस्त्या ३० जून २०२४ ला थांबल्या. असं मशीन ऑडिटमध्ये सापडलं तर ऑडिटरचंच म्हणणं खरं माना आणि स्थलांतराची तारीख ठरवा.

‘सर्व्हरटोकन्स प्रॉड’ लावलं की हेडरमधला आकडा गायब होतो आणि काही स्कॅनर गप्प बसतात. लावायला हरकत नाही, पण त्याने एकही भोक बुजत नाही. तक्त्यात ते ‘दुरुस्ती’ म्हणून लिहू नका.

प्रश्न : अपाचेच्या एरर लॉगमध्ये अधूनमधून ‘एएच०००५२ : चाइल्ड पीआयडी … एक्झिट सिग्नल सेगमेंटेशन फॉल्ट (११)’ येतं. बग म्हणून कळवायचं आहे. कुठे आणि काय लिहावं? (सांगली)

ही ओळ सांगते की एक चाइल्ड प्रोसेस (विनंत्या हाताळणारी अपाचेची उपप्रोसेस) मेमरीच्या चुकीने कोसळली. कुठल्या फंक्शनमध्ये, ते सांगत नाही. एवढ्या ओळीवर तक्रार टाकलीत तर ती ‘नीडइन्फो’ (आणखी माहिती हवी) होऊन पडून राहील. दुरुस्त करणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांच्या हाती काही लागतच नाही.

आधी ‘अपाचेसीटीएल’ला मोठा व्ही आणि मग मोठा एम देऊन चालवा. लहान व्ही फक्त आकडा आणि बांधल्याची तारीख सांगतो. मोठ्या व्हीमध्ये एमपीएम, म्हणजे विनंत्या प्रोसेसमध्ये वाटण्याची पद्धत, कोणता (इव्हेंट, वर्कर की प्रीफोर्क), एपीआर ही अपाचेची पायाभूत लायब्ररी कोणत्या व्हर्जनची आणि कोणत्या पर्यायांनी बांधलं, हे येतं. मोठा एम लोड झालेल्या मॉड्यूल्सची यादी देतो. दोन्हींचा मजकूर जसाच्या तसा तक्रारीत जायला हवा. ‘लेटेस्ट व्हर्जन’ असं कधीच लिहू नका. तक्रार सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला त्या शब्दाचा काही उपयोग नसतो.

मग यादीतली परकी मॉड्यूल्स बाजूला काढा : पीएचपीचं मॉड्यूल, एखादं मॉनिटरिंग एजंट, विकत घेतलेलं लॉगिनचं मॉड्यूल. एकेक बंद करून पाहा. कोसळणं थांबलं तर तक्रार त्या मॉड्यूलच्या कर्त्यांकडे जाते. ती अपाचेकडे टाकली तर ‘इनव्हॅलिड’ शेरा मिळून बंद होण्याचीच शक्यता जास्त.

मूळ मॉड्यूल्सवरही कोसळत असेल तर कोअर डंप, म्हणजे कोसळताना तयार होणारी कोअर फाइल, मिळवा. कॉन्फिगमध्ये ‘कोअरडंपडिरेक्टरी’ला असा फोल्डर द्या, जिथे अपाचेचा युजर (उबंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा) लिहू शकतो. सिस्टीमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हिसमध्ये ‘लिमिटकोअर=इन्फिनिटी’ लावा, नाहीतर फाइल तयारच होत नाही. उबंटूवर कोअर बहुधा ॲपोर्ट पळवतं, रेड हॅटच्या नव्या आवृत्त्यांवर सिस्टीमडी-कोअरडंप. दुसऱ्या बाबतीत ‘कोअरडंपसीटीएल’ने तो परत मिळतो. डीबग सिम्बॉल्सची (फंक्शनची नावं पुरवणारी) पॅकेजेस बसवा, जीडीबी या डीबगरमध्ये कोअर उघडा आणि ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी फुल’ ही कमांड द्या. सिम्बॉल्स नसतील तर ओळीओळीला दोन प्रश्नचिन्हं दिसतील. असा बॅकट्रेस (कोसळण्यापर्यंतच्या फंक्शनची साखळी) पाठवून काही साधत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कोअर फाइल म्हणजे चालत्या प्रोसेसच्या मेमरीची नक्कल. तिच्यात टीएलएसची खासगी किल्ली, ग्राहकांच्या कुकीज, पासवर्ड असू शकतात. ती सार्वजनिक ठिकाणी कधीही जोडू नका. बॅकट्रेसमध्येही व्हेरिएबल्सच्या किमती उमटतात. तोही ओळ न ओळ वाचून, नाजूक मजकूर पुसूनच पाठवा.

यानंतरचं काम वेळखाऊ आहे, पण तक्रारीचं नशीब बरंचसं यावर ठरतं : कॉन्फिग लहान करत नेणं. चारशे ओळींतून निम्म्या काढा, बग दिसतो का पाहा; दिसला तर उरलेल्यातून पुन्हा निम्म्या काढा. असं करत वीस-पंचवीस ओळी आणि कर्लची (कमांडने विनंती पाठवणाऱ्या साधनाची) एकच विनंती उरली, की दुसऱ्या कुणाच्याही मशीनवर तो बग दाखवता येतो. तसा दाखवता आला नाही तर ‘वर्क्सफॉरमी’ (माझ्याकडे तर चालतंय) हा शेरा ठरलेला.

आता पत्ता. पॅकेज वितरणाचं असेल तर पहिली तक्रार वितरणाकडे : डेबियनवर ‘रिपोर्टबग’, उबंटूवर ‘उबंटू-बग’. ही साधनं पॅकेजचा पूर्ण आकडा आपोआप जोडतात. तोच बग अपाचेच्या ताज्या मूळ रिलीजवरही दिसला, तर अपाचेच्या बगझिलात (तक्रारींच्या सार्वजनिक नोंदवहीत) ‘अपाचे एचटीटीपीडी-२’ हा प्रॉडक्ट निवडा आणि कंपोनंटमध्ये नेमकं मॉड्यूल द्या. टाकण्याआधी बंद झालेल्या तक्रारींसकट शोधा. एका तक्रारीत एकच बग. पॅच तयार असेल तर ‘पॅचअव्हेलेबल’ हा कीवर्ड लावा. आणि वर्षापूर्वीची तशीच एखादी उघडी तक्रार सापडली तर नवी उघडण्यापेक्षा तिच्यातच तुमची लहान केलेली कॉन्फिग जोडा. रखडलेल्या तक्रारी अशानेच हलतात.

प्रश्न : सापडलेला बग सुरक्षेचा आहे असं वाटतं. तोही बगझिलात टाकायचा का? (मडगाव)

नाही. बगझिला सगळ्यांना दिसतं. अपाचे आणि एन्जिनएक्स दोघांकडेही सुरक्षेसाठी वेगळा खासगी ईमेल पत्ता आहे. तो त्यांच्या सुरक्षा पानावर मिळतो. शंका असली तरी खासगीतच कळवा. साधा बग निघाला तर ते स्वतःच तुम्हाला बगझिलाकडे पाठवतील.

दुरुस्ती आली म्हणजे काम संपलं असंही समजू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या अपाचे २.४.४९ मध्ये पाथ तपासण्याच्या कोडमधल्या बदलाने एक भोक पडलं. यूआरएलमध्ये टिंबाऐवजी टक्का-२ई (टिंबाचंच सांकेतिक रूप) लिहून ठरलेल्या फोल्डरबाहेरच्या फाइली वाचता येत होत्या, जिथे ‘रिक्वायर ऑल डिनाइड’चं कुंपण नव्हतं तिथे. तिथेच सीजीआय (विनंतीवरून प्रोग्राम चालवायची सोय) चालू असेल तर बाहेरून कमांडही चालवता येत. हा सीव्हीई-२०२१-४१७७३. ४ ऑक्टोबरला २.४.५० आलं, पण दुरुस्ती अपुरी होती. टक्क्याचं कोडिंग दोनदा केलं की तीच वाट पुन्हा उघडत होती. ७ ऑक्टोबरला २.४.५१ आलं तेव्हा ते मिटलं. म्हणजे २.४.४८ वाले यातून सुटले होते, आणि ज्यांनी तत्परतेने २.४.५० बसवलं त्यांना तीन दिवसांत पुन्हा बसावं लागलं. ‘२.४ वापरतो’ एवढीच नोंद ठेवणाऱ्याला त्या आठवड्यात आपण कुठे उभे आहोत हे कळायला मार्ग नव्हता.

प्रश्न : एन्जिनएक्स अपग्रेड केलं. ‘एन्जिनएक्स -व्ही’ नवं व्हर्जन दाखवतं, रीलोडही केलं, तरी जुना बग तसाच. असं का? (नाशिक)

कारण ती कमांड डिस्कवरची नवी फाइल चालवून तिचा आकडा सांगते. चालू असलेली मास्टर (मुख्य) प्रोसेस जुन्याच फाइलवरून सुरू झालेली आहे, आणि रीलोड फक्त कॉन्फिग पुन्हा वाचतो. मास्टर प्रोसेसचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) घ्या आणि ‘/प्रॉक’खाली त्या क्रमांकाच्या फोल्डरमधली ‘एक्झी’ ही लिंक पाहा. नावापुढे ‘डिलीटेड’ असेल तर जुनाच प्रोग्राम चालू आहे.

सोपा उपाय म्हणजे पूर्ण रीस्टार्ट. आधी ‘एन्जिनएक्स -टी’ने कॉन्फिग तपासा, नाहीतर थांबलेला सर्व्हर परत उठणार नाही. चालू जोडण्या तुटू द्यायच्या नसतील तर जुन्या मास्टरला यूएसआर२ सिग्नल द्या. नवा मास्टर शेजारी उभा राहतो आणि जुन्याच्या पीआयडी फाइलला ‘ओल्डबिन’ हे शेपूट लागतं. मग जुन्याला विंच सिग्नल, म्हणजे त्याचे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) हातातलं काम संपवून थांबतात. लॉग पाहून खात्री झाली की जुन्याला क्विट. काही बिघडलं तर क्विटच्या आधी परत फिरता येतं : जुन्याला एचयूपी देऊन त्याचे वर्कर उठवा आणि नव्याला क्विट.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचंही असंच. लायब्ररी बदलली तरी चालू प्रोसेसच्या मेमरीत जुनीच राहते. एन्जिनएक्सचं पॅकेज बदललेलंच नसल्याने हे लक्षात येत नाही. डेबियन-उबंटूवर ‘नीडरीस्टार्ट’ बसवून ठेवा, ते अशा प्रोसेस शोधून देतं.

आणि ‘परवापर्यंत चालत होतं’ म्हणायची वेळ येते तेव्हासाठी : पॅकेज कधी बदललं ते एपीटीच्या हिस्टरी लॉगमध्ये किंवा ‘डीएनएफ हिस्टरी’त मिळतं, कॉन्फिग कधी बदलली ते मिळायला ‘ईटीसी’ फोल्डर गिटमध्ये हवा. ‘ईटीसीकीपर’ ते सांभाळतं. चांगलं चालणारं शेवटचं आणि बिघडलेलं पहिलं, असे दोन आकडे तक्रारीत देता आले तर दुरुस्त करणाऱ्याला त्या दोन टोकांमध्येच शोधायचं राहतं.

प्रश्न : एन्जिनएक्सची मेनलाइन घ्यावी की स्टेबल? (पुणे)

मधला आकडा विषम असेल तर मेनलाइन, सम असेल तर स्टेबल. १.२७ च्या मेनलाइनमधून एप्रिल २०२५ मध्ये १.२८ स्टेबल झालं. स्टेबलमध्ये फक्त गंभीर दुरुस्त्या येतात. किरकोळ बग मेनलाइनमध्येच सुटतात. त्यामुळे स्टेबल हे नाव ‘बग नसलेलं’ अशा अर्थाने घेऊ नका, ‘वागणूक न बदलणारं’ असा त्याचा अर्थ. स्वतः पॅकेज सांभाळत असाल आणि चाचणीचा सर्व्हर हाताशी असेल तर मेनलाइन घ्या. परकी मॉड्यूल्स लावलेली असतील तर स्टेबल बरं, कारण डायनॅमिक मॉड्यूल ज्या व्हर्जनसाठी बांधलं त्याच्याशीच जुळतं. व्हर्जन बदलून मॉड्यूल पुन्हा बांधलं नाही तर सर्व्हर सुरू होत नाही. बग मात्र मेनलाइनवर तपासूनच कळवा. ही नोंद २०२४ पासून गिटहबवर होते. त्याआधीच्या ‘ट्रॅक’ या नोंदवहीतली जुनी तिकिटं (तक्रारी) शोधताना उपयोगी पडतात.

अपाचेत सम-विषमची पद्धत २.२, २.४ अशा मधल्या आकड्याला लागू होती. तिसऱ्या आकड्याला ती लावू नका, २.४.५१ हे २.४.५२ इतकंच स्थिर मालिकेतलं आहे.