भूकंप कधी येणार ते सांगता येत नाही, मग नोकरी कसली?

पाटणहून एका वडिलांचं पत्र आलंय. त्याचा आशय असा: "मुलीने बारावी सायन्स करून सीईटी दिली आहे. कोयनेचे धक्के अनुभवत मोठी झाली, आता म्हणते भूकंपावरच काम करायचं. माझा धाकटा भाऊ म्हणतो, भूकंप कधी होणार हे कुणालाच सांगता येत नाही, मग त्यात नोकरी कसली? सिव्हिल मिळेल असं वाटतं, पण तिला बीएस्सी जिऑलॉजी हवंय. फिजिक्स-गणित आवडतं, केमिस्ट्री नको असते. परिस्थिती बेताची आहे. आणि मुलीला साइटवरचं काम जमेल का?"

नमस्कार,

तुमच्या भावाचं पहिलं वाक्य बरोबर आहे. भूकंपाची तारीख सांगता येत नाही, आणि या क्षेत्रातले बहुतेक लोक त्या भानगडीत पडतही नाहीत. भूकंप आलाच तर शहराचा कुठला भाग किती हलेल आणि तिथे कशी इमारत बांधावी, हे मात्र आधी काढता येतं. त्या कामासाठी पैसे मोजणारे लोक आहेत.

१९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिकोत ८ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र पॅसिफिक किनाऱ्याजवळ, म्हणजे मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरपेक्षा लांब. तरीही त्या शहरात हजारो माणसं गेली, कारण शहराचा मधला भाग टेस्कोको सरोवराच्या तळावर वसलेला आहे. सरोवर आटवलं गेलं, पण खालची पाण्याने भरलेली चिकणमाती तिथेच राहिली. त्या दिवशी शहरातल्याच लाव्हाच्या खडकावर बसवलेल्या यंत्रांपेक्षा गाळावरच्या यंत्राने चार-पाच पट जास्त हादरा नोंदवला. कठीण खडकातून मऊ मातीत शिरताना लाटेचा वेग पडतो आणि तिची उंची वाढते. शिवाय ती त्या थरात अडकून वर-खाली परतत राहते, त्यामुळे हलणं लांबतं.

पुढचं गणित लेकीला स्वतः करू द्या. मातीचा थर ४० मीटर जाड, त्यात आडव्या कंपनाच्या लाटेचा वेग सेकंदाला ८० मीटर. थराचा स्वतःचा आवर्तकाल (एक हेलकावा पूर्ण व्हायला लागणारा वेळ) म्हणजे जाडीची चौपट भागिले वेग. उत्तर दोन सेकंद. इमारतीचा काल ढोबळ मानाने दर दहा मजल्यांना एक सेकंद धरतात, आणि भेगा पडायला लागल्या की तो आणखी वाढतो. झोक्याला नेमक्या त्याच्याच लयीत ढकलत राहिलं की तो चढत जातो, तसं साधारण ६ ते १५ मजल्यांच्या इमारतींचं झालं. पुष्कळशी बुटकी जुनी घरं टिकली आणि तोरे लातिनोअमेरिकाना हा ४४ मजली मनोराही टिकला. बरोबर ३२ वर्षांनी, १९ सप्टेंबर २०१७ ला, पुन्हा भूकंप झाला तेव्हा केंद्र सुमारे १२० किलोमीटरवर होतं आणि लाटा आखूड कालाच्या होत्या. त्या वेळी जुन्या सरोवराच्या कडेच्या, पातळ थरावरच्या, कमी मजल्यांच्या इमारतींना जास्त मार बसला. एकाच शहरात दोनदा वेगवेगळ्या इमारती पडल्या. तेव्हा "मऊ माती वाईट" एवढं म्हणून भागत नाही, थर आणि इमारत दोन्ही मोजावे लागतात. (मला स्वतःला हा विषय इथेच खरा रंजक वाटतो.)

काठमांडूही जुन्या तळ्याच्या गाळावर आहे. २०१५ च्या भूकंपात तिथे हलणं चार-पाच सेकंदांच्या संथ लाटांचं होतं, आणि बुटक्या घरांचं नुकसान भीती होती त्यापेक्षा कमी झालं. आपल्याकडे २००१ च्या कच्छ भूकंपात सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत साबरमतीच्या गाळावरचे बहुमजली फ्लॅट कोसळले. तिथे सगळं खापर मातीवर फोडू नका, तळमजल्यावर नुसते खांब ठेवून केलेलं पार्किंगही तितकंच जबाबदार होतं. आणि किल्लारीला १९९३ मध्ये माणसं मेली ती प्रामुख्याने दगड-मातीच्या जड भिंतींखाली.

आता नोकरीचं बोलू. बांधकामापूर्वी बोअर मारून माती तपासतात. सॉइल रिपोर्ट, एन व्हॅल्यू (माती किती घट्ट आहे ते सांगणारा आकडा) हे शब्द साइटवर रोज कानावर पडतात. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात (आयएस क्रमांक १८९३) जमीन कठीण, मध्यम की मऊ यावर हिशेब बदलतो. उलवे-उरणकडचा खाडीचा चिखल, मेट्रो, पूल, धरणं, सगळीकडे हे काम आहे. याला जिओटेक्निकल इंजिनीअरिंग म्हणतात आणि त्याची वाट सिव्हिलमधून जाते. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एमटेक करता येतं; रुरकीच्या आयआयटीत भूकंप अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभागच आहे.

दुसरी वाट लाटांच्या अभ्यासाची, म्हणजे जिओफिजिक्स. बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. त्यानंतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. नुसत्या सिव्हिलच्या पदवीवर त्या परीक्षेला बसता येत नाही. हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) आहे, दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आहे. शहराचा कुठला भाग किती हलेल याचे बारीक नकाशे बनवण्याचं काम अशाच संस्था करतात. तुमच्या जवळ कराडलाही पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विवर घेण्याचं काम तिचंच. लेकीला एकदा तिथे विचारून घेऊन जा.

माझा सल्ला सिव्हिलचा. कारण तुम्हीच लिहिलंय, परिस्थिती बेताची आहे. दुसऱ्या वाटेवर एमएस्सीपर्यंत कमाई जवळपास नाही आणि जागा मोजक्या. सिव्हिलमध्ये चार वर्षांनी काहीतरी हातात येतं, पगार सुरुवातीला फार नसला तरी. पण तिला इमारतीत अजिबात रस नसेल, फक्त लाटाच हव्या असतील, तर सिव्हिल लादू नका. मात्र तसं असेल तर बीएस्सी जिऑलॉजीपेक्षा फिजिक्स घ्यावं हे बरं, गणित पक्कं राहतं. नुसत्या जिऑलॉजीत खनिजांच्या रसायनशास्त्रापासून तिची सुटका नाही, हेही तिला आत्ताच सांगा.

साइटचं म्हणाल तर उन्हात बोअरपाशी उभं राहणं आहे, चिखल आहे, कधी गावाबाहेर मुक्काम आहे. मुली हे काम करतात. अडचण येते ती राहण्याची आणि स्वच्छतागृहाची, आणि ती मालकाने सोडवायची असते, तेव्हा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत तिने ते स्पष्ट विचारावं. ज्यांना फिल्ड नको ते डिझाइन ऑफिसात बसतात, पण पहिली दोन वर्षं साइट टाळू नये असं मला वाटतं. ज्याने बोअरमधून निघालेली माती कधी हातात घेतली नाही, त्याला पुढे दुसऱ्याचा सॉइल रिपोर्ट खरा की कागदोपत्री उरकलेला, हे ओळखता येत नाही.

ऑप्शन फॉर्म भरताना कॉलेजच्या नावाआधी तिथली सॉइल मेकॅनिक्सची प्रयोगशाळा चालू आहे का आणि जिओटेक शिकवणारे प्राध्यापक कायम आहेत का, एवढं फोन करून विचारा.