जेटीच्या पाइलवर लाटेचा भार कसा काढावा?

प्रश्न : मी सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे पाण्यातलं बांधकाम म्हणजे उजनी धरण. कोकणातल्या जेटीच्या पाइलवर, म्हणजे समुद्रतळात रोवलेल्या खांबांवर, लाटेचा भार कसा धरतात? एकच स्थिर आडवा भार लावून भागेल का?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : भागणार नाही. उजनीत वाऱ्याला मोकळं पाणी कमी मिळतं, म्हणून लाट बुटकी राहते. समुद्रात मात्र तिचा हिशोब वेगळाच करावा लागतो.

लाट पाइलला दोन तऱ्हांनी ढकलते. ड्रॅग, म्हणजे वाहत्या पाण्याची ओढ, पाण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, तर जडत्वाचा जोर, म्हणजे पाण्याचा वेग बदलताना बसणारा रेटा, त्याच्या त्वरणाच्या प्रमाणात असतो. १९५० चं मॉरिसन समीकरण या दोन्हींची बेरीज करतं. पाइलचा व्यास लाटलांबीच्या (दोन शिखरांमधल्या अंतराच्या) पाचव्या हिश्शापेक्षा कमी असेल तोवर ते चालतं. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथे : दोन्हींचे कमाल आकडे थेट मिळवतात. ड्रॅग कमाल असतो शिखर पाइलवर असताना, जडत्व त्याआधी पाव लाट. म्हणून लाटेचा पूर्ण फेरा टप्प्याटप्प्याने सोडवा.

समजा पाणी १० मीटर खोल, लाट ३ मीटर उंच, आवर्तकाल (एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचा वेळ) ८ सेकंद, पाइल १ मीटर व्यासाचा. लाटलांबी येते सुमारे ७१ मीटर. समीकरणातला जडत्व गुणांक २ आणि ड्रॅग गुणांक १ धरला, तर तळापासून शांत पातळीपर्यंत (लाट नसतानाच्या पाण्याच्या पातळीपर्यंत) जडत्वाचा जोर सुमारे १७ किलोन्यूटन, ड्रॅग सुमारे ९. आकडे किरकोळ वाटतात, पण जडत्वाचा जोर तळापासून ५ मीटरवर लागतो आणि पाइल घट्ट धरला जातो तो तळाखाली काही मीटरवर. मोमेंट, म्हणजे जोर गुणिले अंतर असा वाकवणारा परिणाम, तिथून मोजा. पाइलभोवतीची वाळू वाहून गेली की हे अंतर आणखी वाढतं.

ड्रॉइंगमधला व्यासही जसाच्या तसा घेऊ नका. पाइलवर कालवं आणि शिंपले चढतात. १० सेंटिमीटरचा थर बसला की व्यास १.२ मीटर होतो, जडत्वाचा जोर ४४ टक्के वाढतो, शिवाय खडबडीतपणामुळे ड्रॅग गुणांकही चढतो.

खरी काळजी मात्र डेकची, म्हणजे पाइलवरच्या बीम-स्लॅबच्या मजल्याची. उथळ पाण्यात शिखर शांत पातळीच्या वर लाटेच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त उठतं. मोठ्या भरतीच्या पातळीवर ते मोजा आणि बीमचा तळ त्याहून वर ठेवा. जागा कमी पडली तर लाट खालून आदळते. तो धक्का क्षणिक पण फार मोठा असतो, आणि नुसते टेकवलेले प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेले) स्लॅब उचलले जातात. अशा ठिकाणी स्लॅब बीमला आणि बीम पाइलला ओढ सोसेल अशा सळ्यांनी बांधा, आणि पाइलची उपसण्याविरुद्धची ताकदही तपासा.