कॅलेंडर तीनदा दाखव

प्रिय मित्रा,

तुझ्या पटकथेचा ११८ पानांचा खर्डा वाचला: कामात बुडालेले, वेगळे होणारे आईबाप आणि त्यांची मुलगी. पहिला अर्धा विनोदी, दुसरा रडका, आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणतोस. जुळणार कसे? हसवायला तू शेजारी ठेवलेस आणि रडवायला मुलगी. हसू ज्या वस्तूतून येतं, दुखणंही त्याच वस्तूतून आलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

वस्तू तुझ्याकडेच आहे: पान १४, फ्रिजवरचं कॅलेंडर. मुलीला कोणत्या दिवशी कोण सांभाळणार, ते त्यावर लिहिलेलं; आईची शाई लाल, बाबांची निळी. ते तीनदा दाखव. दहाव्या मिनिटाला सौदा होऊ दे: ‘तुझा मंगळवार दे, माझे दोन शनिवार घे.’ लोक हसतील. पस्तिसाव्याच्या आसपास मुलगी पेन्सिलीने लिहिते: ‘जेवण. तिघं. ३० मिनिटं. विषय: काही नाही.’ हशा मोठा येईल, पण जरा अवघडलेला. तिसऱ्यांदा दोन घरं, दोन कॅलेंडरं आणि दोन्हीकडे गुरुवार कोरा, कारण प्रत्येकाला वाटतंय की आज दुसऱ्याची पाळी. तिथे संवाद नको, व्हायोलिन तर मुळीच नको. तिन्ही वेळा कॅमेरा मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, लेन्सही तीच. फ्रेम बदललीस की आधीचा हशा आठवत नाही, मग टोचणार काय?

‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ (१९७९) मधला फ्रेंच टोस्ट पुन्हा बघ. बायको निघून गेल्यावर बाप पाव कपात दुमडून बुडवतो, हात भाजून घेतो. शेवटाकडे तोच टोस्ट बापलेक न बोलता करतात. ‘इरिकन्सिलेबल डिफरन्सेस’ (१९८४) मध्ये लहान मुलगी आईबापांपासूनच ‘घटस्फोट’ मागायला कोर्टात जाते. हसायचं की वाईट वाटून घ्यायचं, हे ठरवता येत नाही. तुझ्या कोर्टात नुसते वकील भांडतात.

शाळेच्या कार्यक्रमातली रिकामी खुर्ची काढ. ती सगळ्यांना आधीच दिसते. दोघांना पहिल्या रांगेत बसव. स्टेजवर सहा मुलं झाडं झालीत, तोंडं रंगवलेली. दोघं उभं राहून टाळ्या वाजवतात, भलत्याच झाडासाठी. मग आपल्या मुलीच्या चेहऱ्यावर थांब. हशा ओसरेपर्यंत थांब. संकलक घाई करेल, करू देऊ नकोस.

आणि करिअर म्हणजे गुन्हा नव्हे रे! आईला तिच्या कामात तरबेज दाखवणारी दोन पानं दे, टोमणा न मारता. ती कामात रमते हे पटलं, तरच घरी तिचं लक्ष उडणं खरं वाटेल. नाहीतर तू नुसता दात काढतोयस, आणि प्रेक्षक तुझ्याबरोबर दात काढून घरी जाईल. मुलीला शहाणी करू नकोस. पान ७१ वरचं तिचं भाषण हे तुझं भाषण आहे. तिचं वाक्य सहा-सात शब्दांपुढे गेलं की मोठ्या माणसाचा वास येतो.

एकाच गोष्टीचा हेका धरतो म्हणशील. धरतो. गोड अभिप्राय मीही पुष्कळ दिलेत, आणि त्याचाच पस्तावा आहे. त्यांनी लेखक खूश झाले, पटकथा होत्या तिथेच राहिल्या. म्हणून पुन्हा: हसू आणि दुखणं, वस्तू एकच.

पान ७१ फाड. पुढचा खर्डा १०५ पानांत बसव. आणि गुरुवारच्या चौकटीत काही लिहू नकोस.