१९६९ च्या कॅमॅरोसाठी सुटं डीझेड ३०२ इंजिन घेताना ते खरं आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे न्यू जर्सीत ६९ ची झेड२८ (शेव्हरोले कॅमॅरोचं जोरदार इंजिनवालं रूप) आहे, तिचं मूळ इंजिन कधीच गेलंय, आणि ओहायोतला एक जण सुटं ३०२ (तिचं ३०२ घन इंचाचं व्ही८ इंजिन, ज्याचा शिक्क्यातला कोड डीझेड) विकतोय, ‘ओरिजिनल डीझेड, नंबर्स मॅचिंग’ म्हणून. मी मिशिगनमध्ये असतो, जुन्या शेव्ही उघडून बघणं हा माझा अनेक वर्षांचा नाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ते ‘नंबर्स मॅचिंग’ डोक्यातून काढून टाका. सुटं इंजिन तुमच्या गाडीला मॅचिंग असणं जवळजवळ अशक्यच. १९६८ पासून ब्लॉकवर (इंजिनच्या ओतीव मुख्य सांगाड्यावर) गाडीच्या व्हीआयएनचा, म्हणजे ओळख क्रमांकाचा, शेवटचा भाग ठोकलेला असतो, ६९ च्या कॅमॅरोवर तो १९एन किंवा १९एल असा सुरू होतो (१ म्हणजे शेव्हरोले, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे ओहायोतलं नॉरवूड, एल म्हणजे कॅलिफोर्नियातलं व्हॅन नाईज) आणि पुढे गाडीचे सहा आकडे. ते सहा आकडे तुमच्या डॅशबोर्डवरच्या प्लेटशी जुळले तरच मॅचिंग. नाहीतर तो सातबारा दुसऱ्याच्या नावावरचा आहे, तुम्ही कितीही पैसे मोजा. तेव्हा खरा प्रश्न एवढाच उरतो की ब्लॉक खरोखर ६९ च्या झेड२८ मधला आहे का आणि त्याच्या तारखा तुमच्या गाडीच्या आधीच्या आहेत का. हे दोन्ही जमलं तर ते उत्तम इंजिन आहे, पण ‘डेट करेक्ट’ म्हणून, आणि भावही त्याच हिशोबाने ठरला पाहिजे.

आता बघायचं कसं. ब्लॉकच्या मागे, ड्रायव्हरच्या बाजूला, बेलहाऊसिंग (गिअरबॉक्सकडचं कवच) जिथे बसते त्या फ्लँजवर, म्हणजे कडेवर, उठावदार कास्टिंग नंबर (ब्लॉक ओततानाच उमटलेला) असतो. ६९ च्या बऱ्याच ३०२ ला ३९७००१० सापडतो. विकणारा हा नंबर दाखवून खूष होईल, तुम्ही होऊ नका, कारण हाच ब्लॉक पुढे सत्तरच्या दशकात साध्या ३५० साठी पोत्याने ओतला गेलाय. त्याच फ्लँजवर पॅसेंजरच्या बाजूला कास्टिंगची तारीख असते, महिन्याचं अक्षर (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. म्हणजे ‘सी १५ ९’ म्हणजे १५ मार्च १९६९, किंवा १५ मार्च १९७९! १९७९ च्या ट्रकमधला ब्लॉक कागदावर अगदी ६९ सारखा दिसतो तो इथेच, त्यामुळे नुसत्या कास्टिंगच्या फोटोवर कोणी ॲडव्हान्स मागत असेल तर देऊ नका.

खरी परीक्षा पुढच्या स्टॅम्प पॅडवर आहे. पॅसेंजरच्या बाजूला, सिलेंडर हेडच्या लगेच पुढे, ब्लॉकचाच एक छोटा सपाट भाग बाहेर आलेला असतो, त्यावर इंजिन प्लँटचा शिक्का. व्ही म्हणजे मिशिगनमधलं फ्लिंट, मग महिना दोन आकडी, दिवस दोन आकडी आणि शेवटी दोन अक्षरी कोड. ‘व्ही ०३२५ डीझेड’ म्हणजे २५ मार्चला फ्लिंटमध्ये जोडलेलं ३०२. यात वर्ष नसतं हे लक्षात घ्या. ६९ ची कॅमॅरो १९६८ च्या शरदात सुरू झाली आणि ७० चं मॉडेल लांबल्यामुळे चक्क नोव्हेंबर १९६९ पर्यंत बनत राहिली, म्हणजे पॅडवर ऑक्टोबर दिसला तर तो कुठल्या वर्षाचा हे कास्टिंग डेटच सांगणार. क्रम नेहमी एकच, आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडलं, मग गाडी बनली, आणि मध्ये साधारण काही दिवस ते काही आठवडे. पॅडची तारीख कास्टिंगच्या आधीची निघाली तर तिथेच नमस्कार करून निघा. कास्टिंग जानेवारीचं आणि पॅड ऑगस्टचा असेल तरी मी जाम खोदून विचारेन.

खोटं करणारे काय करतात तर साध्या ३५० चा पॅड घासून किंवा डेक (ब्लॉकचा वरचा सपाट भाग) मशिन करून जुना शिक्का घालवतात आणि हव्या त्या अक्षरांनी नवा ठोकतात, यालाच रीस्टॅम्प म्हणतात. पकडायची जागा म्हणजे ब्रोचच्या रेघा. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोचिंग मशिनवर कापला जायचा, त्याच्या बारीक समांतर रेघा पॅडवर पुढून मागे, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दिशेने, गेलेल्या दिसतात. अक्षरं या रेघांच्या वर ठोकलेली असायला हवीत. पॅड आरशासारखा गुळगुळीत असेल, गोल गोल ओरखडे असतील किंवा रेघा आडव्या असतील तर धातू नंतर काढलाय. पण इथे घाई करू नका, कारण एखाद्या प्रामाणिक मशिन शॉपनेही इंजिन रीबिल्ड करताना डेक सपाट केलेला असू शकतो. त्यात फसवणूक नाही, फक्त मग पुरावा गेलेला असतो, आणि पुरावा नसलेल्या ब्लॉकला डीझेडचा भाव का द्यायचा? गुळगुळीत पॅडवर ताजी, धारदार अक्षरं असतील तर मात्र माझ्या मते विषय संपला.

दुसरी खूण अक्षरांची. इंजिनचा कोड फ्लिंटला एका होल्डरमध्ये सगळी अक्षरं बसवून एकदम ठोकला जायचा, म्हणून तो बऱ्यापैकी सरळ येतो. व्हीआयएनचा भाग मात्र नॉरवूड किंवा व्हॅन नाईजला, वेगळ्या हत्याराने, वेगळ्या माणसाने मारलेला. दोन्ही एकाच फाँटमध्ये, एकाच खोलीचे, एकाच हाताचे वाटले तर संशय घ्या. आणि ६९ ला व्हीआयएनचा भाग कधी पॅडवर असतो तर कधी खाली ऑईल फिल्टरच्या वरच्या खडबडीत कास्टिंगवर, त्यामुळे पॅडवर नाही दिसला म्हणून लगेच खोटं ठरवू नका, आधी खाली बघा. त्या खडबडीत जागेवर घासलेलं लपत नाही हा फायदाच आहे.

पॅड बघताना वायर ब्रश, सँडपेपर, ग्राइंडर यातलं काहीही लावू देऊ नका प्लीज, चांगले खरे पॅड लोकांनी साफ करता करता घालवलेत आणि ते परत येत नाहीत. पेंट रिमूव्हर किंवा ब्रेक क्लीनर, मऊ ब्रश, जुना कपडा, बस. मग मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा, पॅडला टेकवल्यासारखा धरून दोन-तीन बाजूंनी फोटो घ्यायला सांगा. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत रेघा दिसतच नाहीत. मी एका स्वॅप मीटमध्ये असाच टॉर्च आडवा धरला तर डीझेडच्या खाली आधीच्या एका अक्षराची पुसट कड दिसत होती, आणि टेबलामागचा माणूस शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

आतलंही बघा. ३०२, ३२७ आणि ३५० या तिघांचा बोअर (सिलेंडरचा व्यास) ४ इंचच, फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली चालीचा: ३०२ चा ३ इंच, ३२७ चा ३.२५, ३५० चा ३.४८. ट्रान्स-ॲम रेसिंगला ३०५ घन इंचाची मर्यादा होती, तिच्यात बसवायला शेव्हरोलेने हे ३०२ काढलं. म्हणजे ब्लॉकमध्ये कुठला क्रँक आहे यावर सगळं, आणि हेड काढलेलं असेल तर पिस्टन खालून वर किती येतो हे साध्या स्केलनेही कळतं. ऑईल पॅन उघडायला सांगा, मधल्या तीन मेन कॅप्सना (क्रँक धरून ठेवणाऱ्या टोप्यांना) चार-चार बोल्ट हवेत आणि क्रँक फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) हवा, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ रुंद दिसेल, कास्ट, म्हणजे ओतलेल्या, क्रँकवर ती बारीक असते. हेड १८६ नंबरची, कार्ब्युरेटर हॉली ४०५३ असेल तर छानच, पण हे सगळं बोल्ट काढून बदलता येतं, ब्लॉक खरा असल्याचा पुरावा म्हणून ते चालत नाही. पॅडवर सीई ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो वॉरंटीत बदलून दिलेला सर्व्हिस ब्लॉक, जीएमचाच (जनरल मोटर्स, शेव्हरोलेची मूळ कंपनी) आणि खरा, पण डीझेड नाही.

कागदांचं म्हणाल तर शेव्हरोलेवाल्यांचं नशीब इथे जरा वाईट. पॉन्टिॲक असती तर पीएचएस या जुन्या नोंदी पुरवणाऱ्या सेवेकडून फॅक्टरी रेकॉर्डची प्रत मिळाली असती, फोर्ड असती तर मार्टी रिपोर्ट (फॅक्टरी नोंदींवरून काढलेला अहवाल), डॉज-प्लिमथला तर इंजिनचं अक्षर व्हीआयएनमध्येच असतं, १९७० ला पाचव्या जागी आर म्हणजे ४२६ हेमी इंजिन. अमेरिकेत विकलेल्या ६९ च्या शेव्हीचं असं काही मिळत नाही, कॅनडात विकलेली असेल तर जीएम कॅनडा देते. व्हीआयएनवरून फक्त व्ही८ की सहा सिलेंडर एवढंच कळतं. म्हणून तर पॅडला एवढं महत्त्व आलंय आणि म्हणूनच तिथे एवढी लबाडी चालते.

एक गोष्ट मनापासून सांगतो. इंजिन खरं निघालं तर त्यावरचा व्हीआयएन कुठल्यातरी गाडीचा आहे, आणि ती गाडी अजून शिल्लक असेल तर तिचा मालक कदाचित हेच इंजिन शोधत असेल. कॅमॅरोवाल्यांच्या ग्रुपमध्ये तो नंबर टाकून विचारा, अशा भेटी खरंच होतात. आणि विकणारा जर म्हणाला की ‘पॅड कोरा करून तुमचा नंबर मारून देतो, कोणाला कळणार नाही’, तर त्याच्याकडून साधा नटही घेऊ नका. एका खऱ्या ब्लॉकचा इतिहास पुसून त्या जागी खोटा लिहिला जातो, पुढे ज्याला ती गाडी विकाल तो फसतो, आणि व्हीआयएनशी छेडछाड केल्याबद्दल पोलिसांच्या चौकशीत अडकायची वेळ येते ती वेगळीच.

सौदा ठरलाच तर पावतीवर कास्टिंग नंबर, कास्टिंग डेट, पॅडवरचा पूर्ण शिक्का आणि व्हीआयएनचा भाग हे चारही लिहून घ्या, आणि ‘ओरिजिनल, रीस्टॅम्प नाही’ हे त्याच्या सहीनिशी. यालाच जो कां-कू करेल त्याला सोडा. तुमच्या गाडीच्या ट्रिम टॅगवर (फॅक्टरीने लावलेल्या माहितीच्या पट्टीवर) ०३सी असं काही असेल, म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा, ते आणि पॅडचे आडव्या टॉर्चमधले फोटो इथे टाका, मी बघतो.