नवीन कॅथेटरवाल्या मित्राला

भावा, मणक्याच्या इजेमुळे आपल्याला जळजळ कळत नाही, त्यामुळे लघवीचं इन्फेक्शन वेगळ्याच वाटेनं समजतं: पाय नेहमीपेक्षा जास्त ताठतात, लघवी काढायची नळी (कॅथेटर) घालायच्या दोन वेळांच्या मधेच गळती सुरू होते, अंगात कसकस येते. नुसता वास आला म्हणून मेडिकलमधून गोळी आणू नकोस. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू बऱ्याचदा असतातच. त्रास नसेल तर सहसा औषध लागत नाही. त्रास असेल तर गोळीआधी कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते तपासायला, लघवीचा नमुना दे, मिरजेत लॅबना काय तोटा! थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

लग्नाला जायचं म्हणून सकाळपासून पाणी बंद, हा आपल्या सगळ्यांचाच उद्योग. सांगलीच्या एप्रिलमध्ये तर नकोच. दिवसभर थोडं थोडं पी, हात साबणानं धुऊन चार ते सहा तासांनी नळी घाल. एका वेळी 500 मिलीच्या वर निघालं तर पुढची वेळ अलीकडे घे.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा वर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, चेहऱ्याला घाम फुटला, तर ताठ बस, पट्टे सैल कर, लघवी मोकळी कर. बीपी चढलेलं असतं. उतरलं नाही तर थेट हॉस्पिटल. घरच्यांनाही हे आजच सांगून ठेव.